नखाएवढ्या माशाचे नाव

(लखनौच्या तेलीबाग भागातील मराठी वाचकांच्या एका बैठकीत अनुवादिकेने केलेले भाषण. मुद्रणासाठी काही ठिकाणी संक्षेप केला आहे.)



अनुवादकाला भाषणासाठी सहसा कोणी बोलावीत नाही. त्याचे नाव आतल्या पानावर बारीक टाइपात असते. पुस्तक चांगले उतरले तर श्रेय मूळ लेखकाचे आणि फसले तर दोष अनुवादकाचा, असा या व्यवसायाचा जुना रिवाज आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तरीही आपण आग्रहाने बोलावलेत, तेव्हा श्रेयाविषयी न बोलता दोषाविषयीच बोलावे असे मी ठरविले आहे. दोष माझाच आहे. त्यामुळे कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

प्रवाळखडकांतील जीवसृष्टीविषयीचे हे पुस्तक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझ्या पात्रतेची मला पुरेशी शंका होती. मी मराठी विषय घेऊन एम. ए. झाले. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतील बेडकापाशी संपला होता. परंतु शास्त्रीय पुस्तकाच्या अनुवादात शास्त्र मूळ लेखकाने सांभाळलेले असते, आपण भाषा सांभाळावी, अशी माझी समजूत होती. ही समजूत चौथ्या प्रकरणात कोसळली.

त्या प्रकरणात एक साधे वाक्य होते. खडकाच्या कपारींमध्ये पाऊण इंच लांबीचे गोबी मासे मोठ्या संख्येने दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. मी लिहिले: "कपारींमध्ये गोबी माशांची पाऊण इंची पिल्ले मोठ्या संख्येने दिसतात." मूळ वाक्यात 'पिल्ले' नव्हती. वाचकाची सोय व्हावी म्हणून मी ती घातली होती. पाऊण इंचाचा मासा म्हणजे पिल्लूच असणार, यात विचार करण्यासारखे काय आहे? तज्ज्ञांकडे हस्तलिखित गेले आणि परत आले, तेव्हा त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले होते: "ही पिल्ले नव्हेत. यांतले काही आजोबा आहेत."

हे वाचून मी हसले, आणि मग बराच वेळ अस्वस्थ राहिले. अस्वस्थ होण्याचे कारण असे, की ही चूक माझ्या एकटीची नव्हती. निसर्ग पाहणाऱ्या मोठमोठ्या माणसांनीही ती केलेली आहे. जाळ्यात किंवा काचेच्या बरणीत आलेला अर्ध्या-पाऊण इंचाचा मासा दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या माशाचे पोर समजून बाजूला ठेवला जाई. त्याच्या पोटात पक्व अंडी आहेत की नाहीत हे उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नसे. त्यामुळे खडकावरील माशांच्या याद्या मोठ्या माशांनी भरल्या आणि लहानांची जागा रिकामी राहिली.

आता 'गोबी' या शब्दाविषयी. या शहरात हा शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फुलकोबी येते. माझ्या शेजारणीला मी गोबी माशाच्या मागे लागले आहे असे सांगितले, तेव्हा तिने अत्यंत गंभीरपणे मला दोन पाककृती सांगितल्या. वास्तविक या नावाचा भाजीशी काही संबंध नाही. ग्रीकमध्ये 'कोबिओस', लॅटिनमध्ये 'गोबिउस' असे एका लहान माशाचे नाव होते, तेच पुढे शास्त्राने उचलले. मला अर्थातच मराठी शब्द हवा होता. माझे माहेर उरणकडचे. तेथे खाडीच्या चिखलात निवटी मिळते. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर परांच्या आधाराने सरपटणारा, डोळे डोक्यावर बसविल्यासारखे दिसणारा हा मासा आगरी-कोळी घरांत मोठ्या आवडीने खाल्ला जातो. निवटी ही गोबींच्याच गोतावळ्यातील आहे, हे मला या कामात कळले आणि लहानपणी ताटात भेटलेली वस्तू शास्त्राच्या पुस्तकात भेटल्याचा आनंद झाला. लगेच सर्व ठिकाणी 'निवटी' लिहावे असा मोह झाला. आत्याला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "अगं, निवटी चिखलातली. ती पोवळ्यावर कशाला जाईल? तिथं तिला बीळ कुठं करता येईल?" प्रश्न बिनतोड होता. चिखलातल्या माशाचे नाव पोवळ्यातल्या माशाला देणे म्हणजे बेळगावच्या माणसाचा पत्ता कोलकात्याला लिहिण्यासारखेच झाले असते. मी 'गोबी' हाच शब्द ठेवला. फुलकोबीची आठवण होणाऱ्यांची मी क्षमा मागते.

हे सारे निस्तरताना माझ्या ध्यानात आले, की ज्या गोष्टीसाठी मी दूरच्या तज्ज्ञांना पत्रे लिहीत होते, तिचे माहेरघर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपण सर्व रायबरेली रस्त्याने जातो-येतो, शारदा कालव्याच्या बाजूने वळतो आणि एका सरकारी फाटकावरून पुढे निघून जातो. त्या फाटकावर 'राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो' अशी पाटी आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही संस्था १९८३ च्या डिसेंबरात अलाहाबादेत सुरू झाली आणि पुढे लखनौला आली. देशातील माशांच्या जाती कोणत्या, त्या कोठे आढळतात, त्यांची आनुवंशिक ठेवण कशी आहे, याची नोंद ठेवणे हे तिचे काम. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये ठरविलेल्या भांडारांपैकी ती एक आहे. देशात नवी जाती सापडली तर तिचा नमुना अशा भांडारात जमा करावा, असा तो कायदा सांगतो. समुद्रापासून शेकडो मैल दूर, आंब्याच्या आणि चिकनकारीच्या मुलखात, समुद्रातल्या माशांच्या नावांचा निवाडा व्हावा ही गोष्ट मला फार गमतीची वाटली. मात्र जरा विचार केला तर ती विचित्र नाही. जन्माचे दाखले प्रसूतिगृहात ठेवत नाहीत, कचेरीतच ठेवतात.

तेथे एका शास्त्रज्ञांनी मला जो अर्धा दिवस दिला, त्याचीच हकिगत आज मुख्यतः सांगायची आहे.

त्यांनी माझ्यापुढे एक लहानशी काचेची कुपी ठेवली. तीत एक मासा होता. मी तो आधी पाहिलाच नाही. मला वाटले तळाशी गवताची काडी पडली आहे. लांबी माझ्या करंगळीच्या नखाहून थोडी जास्त, रंग उकडलेल्या तांदळासारखा. लक्षद्वीपच्या खडकावरचा बऱ्याच वर्षांपूर्वीचा नमुना होता. ते म्हणाले, "तुम्ही याला पिल्लू म्हटले होते ना? आपण याची ओळख पटवू या. निदान प्रयत्न करू."

प्रथम त्यांनी एक निळा रंग पाण्यात कालवून मासा त्यात क्षणभर बुडवला. हा रंग कायमचा चढत नाही. मद्यार्कात ठेवला की निघून जातो. परंतु तेवढ्या वेळात, अंगावर हलकासा वारा मारून ओल घालविली की, डोक्यावरची सूक्ष्म छिद्रे गडद ठिपक्यांसारखी उमटतात. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तेव्हा माझ्या तांदळाच्या दाण्याला एकाएकी चेहरा आला. दोन मोठे, वर सरकलेले डोळे, जरासे उद्धट तोंड, आणि डोळ्यांच्या मधून मागे जाणारी ठिपक्यांची ओळ.

ही छिद्रे म्हणजे माशाच्या संवेदनेची दारे आहेत. बहुतेक माशांच्या अंगावरून कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक रेषा गेलेली असते आणि तिच्या योगाने त्यांना पाण्यातील हालचाल कळते. मासे साफ करणाऱ्या कोणाही गृहिणीने ती पाहिली असेल. गोबींच्या अंगावर ही रेषा नसते. तिचे सर्व काम डोक्यावरील नलिका, त्यांची छिद्रे आणि गालांवरील मांसल कणांच्या रांगा करतात. या रांगांची मांडणी जातीजातींत निराळी असते, हे लुइजी सान्झो या इटालियन शास्त्रज्ञाने १९११ साली पद्धतशीरपणे दाखविले, आणि तेव्हापासून गोबी ओळखणारा माणूस प्रथम त्याचे गाल पाहतो.

मग मोजदाद सुरू झाली. पाठीवर दोन पर. पहिल्यात सहा काटे. दुसऱ्यात एक काटा आणि नऊ मऊ किरण. येथे एक शब्द स्पष्ट करते. माशाच्या पराला आपल्या विश्वकोशाने 'पक्ष' हा शब्द वापरला आहे. शब्द शास्त्रशुद्ध आहे, पण 'या माशाला दोन पृष्ठपक्ष असतात' हे वाक्य वाचून आमच्या घरातल्या एका तरुणाने 'आणि चिन्ह काय?' असे विचारले, तेव्हा मी 'पर' हाच कोळ्यांचा शब्द स्वीकारला. पोटाखालचे पर पाहण्यासाठी मासा उताणा केला. बहुतेक गोबींमध्ये हे दोन पर एकमेकांना जोडले जाऊन वाटीसारखे होतात आणि त्या वाटीच्या आधाराने मासा दगडाला चिकटून राहतो. गोबी ओळखण्याची ही सर्वांत जुनी खूण. परंतु प्रवाळावरच्या कित्येक चिमुकल्या गोबींमध्ये ती वाटी उसवलेली असते. दोन्ही पर सुटे होतात आणि त्यांच्या किरणांना झालरीसारखे फाटे फुटतात. म्हणजे घराण्याची जी मुख्य खूण, तीच या शाखेत नाहीशी झालेली. अशाने पूर्वीच्या लोकांची फसगत झाली असेल तर नवल नाही.

येथपर्यंत दोन वंश उमेदवार म्हणून उरले होते: एव्हिओटा आणि ट्रिमा. दोन्ही हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या प्रवाळखडकांवर पसरलेले, दोन्हींत आज शंभराहून अधिक जाती, दोन्ही नखाएवढे. वरवर पाहणाऱ्याला ते एकच. त्यांतला एक महत्त्वाचा भेद असा, की एव्हिओटांच्या डोक्यावर सहसा ती छिद्रे असतात आणि ट्रिमांच्या डोक्यावर नसतात. आमच्या माशाच्या डोक्यावर निळे ठिपके होते. शिवाय पोटाखालच्या पराचा पाचवा किरण अगदी खुजा, नाममात्र. तेव्हा वंश ठरला: एव्हिओटा.

मला मनातून फार आनंद झाला. त्या क्षणी मला भातखंडे आठवले. याच शहरात १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने संगीताचे महाविद्यालय निघाले, आणि आपण मराठी मंडळी तेवढ्या आधारावर लखनौवर अर्धा हक्क सांगतो. भातखंड्यांनी रागांची जी व्यवस्था लावली तीही ओळखीचीच विद्या होती. भूप आणि देशकार यांत स्वर तेच पाच: मध्यम आणि निषाद दोहोंतही वर्ज्य. यादी केली तर दोन्ही एकच ठरतील. पण भूपाचा वादी गांधार आणि देशकाराचा धैवत. आणि भातखंड्यांनी एकाला कल्याण थाटात बसविले, दुसऱ्याला बिलावलात. जाणत्या कानाला पहिल्या दोन आवर्तनांत जे कळते, ते नवख्याला दाखवून द्यायचे तर कोठे बोट ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या माझ्या यजमानांचाही तोच होता. मी ही तुलना त्यांना ऐकवली. ते सौजन्याने हसले आणि म्हणाले, "आता अवघड भाग आहे."

अवघड भाग म्हणजे जाती. (येथे आणखी एक खुलासा. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात 'प्रजाती' म्हणजे वंश आणि त्याखाली 'जाती'. हल्लीच्या वर्तमानपत्रांत, बहुधा हिंदीच्या संसर्गाने, जातीलाच 'प्रजाती' म्हणतात. मी वंश आणि जाती हेच शब्द पाळले आहेत.) एव्हिओटांची जाती ठरविण्यासाठी १९८० साली लॅकनर आणि कार्नेला या दोघा अमेरिकी संशोधकांनी एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. डोक्यावरच्या छिद्रांपैकी नेमके कोणते गळले आहे, छातीच्या परांचे किरण फाटे फुटलेले आहेत की साधे, पोटाखालच्या पराच्या चौथ्या किरणाला फाटे किती, नराच्या जननेंद्रियाचा आकार कसा, शेपटीच्या बुडाशी काळा डाग आहे काय आणि असल्यास कोणत्या उंचीवर, अशी ती प्रश्नावली आहे. आम्ही एकेक पायरी उतरत गेलो. चौथ्या पायरीवर नराचे लक्षण विचारले होते. आमचा मासा मादी निघाली. यजमानांनी दिव्याचा झोत बदलला आणि मला पोटाकडे पाहायला सांगितले. पातळ कातडीआड बारीक, गोल, घट्ट बसलेले दाणे दिसत होते. ती अंडी होती.

मित्रहो, माझ्या 'पिल्लाची' ही ओळख मला तेथे पटली.

पुढची पायरी रंगाची होती, आणि तेथे आमचा रस्ता खुंटला. जिवंत एव्हिओटा कमालीचा रंगीत असतो: काचेसारख्या पारदर्शक अंगात लाल, नारिंगी, पिवळे ठिपके, आतला कणा आणि त्यावरचे पट्टेही दिसणारे. परंतु हे तांबडे-पिवळे रंग फॉर्मॅलिनमध्ये आणि मद्यार्कात टिकत नाहीत; टिकतो तो काळा. काळ्या पोटाच्या एव्हिओटांचा एक गट आहे. बरणीतल्या नमुन्यांवरून ज्यांना अनेक वर्षे एकच समजले जात होते, त्यांच्यातील जिवंतपणीचे रंगभेद ध्यानात घेऊन २०११ पासून त्यांतून वेगळ्या जाती काढाव्या लागल्या. म्हणून जॉन रँडल हे ज्येष्ठ मत्स्यशास्त्रज्ञ (त्यांनी आठशेहून अधिक जातींना नावे दिली आणि २०२० साली ते वारले) मासा हाती येताच, रंग उडण्यापूर्वी, त्याचे पर पसरून छायाचित्र घेत असत. आमच्या कुपीबरोबर छायाचित्र नव्हते. ज्याने कोणी तो मासा पकडला त्याने तो इमानाने जपला, पण त्याचा रंग लिहून ठेवला नाही.

"मग गुणसूत्रांचे काय?" मी विचारले. वर्तमानपत्रे वाचून एवढे मला ठाऊक होते. २००३ साली पॉल हेबर्ट यांनी कल्पना मांडली, की पेशीतील एका ठराविक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला की त्यावरून जाती ओळखता यावी, दुकानातल्या मालावरील पट्ट्यांच्या खुणेसारखी. भारतीय समुद्रातील माशांसाठी हे काम तेलीबागेच्या याच संस्थेने केले. २०११ साली तिच्या संशोधकांनी एकशेपंधरा सागरी जातींच्या अशा खुणा प्रसिद्ध केल्या. परंतु आमच्या माशाच्या बाबतीत तोही मार्ग बंद होता, कारण फॉर्मॅलिन शरीर टिकवते आणि डीएनएचे तुकडे करते. हल्ली पकडल्याबरोबर मांसाचा एक कण तीव्र मद्यार्कात निराळा ठेवतात. आणखी एक गोष्ट ते म्हणाले, ती मला महत्त्वाची वाटली. डीएनएचा तुकडा स्वतःचे नाव सांगत नाही. तो फक्त 'मी अमक्यासारखा आहे' असे सांगतो, आणि त्या अमक्याला पूर्वी कोणी चुकीचे नाव दिले असेल तर चूक तितक्याच आत्मविश्वासाने पुढे जाते. शेवटी कोणीतरी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली गाल पाहिलेले असावे लागतात.

या गाल पाहणाऱ्यांत एक सम्राट होऊन गेले, हे आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानचे अकिहितो हे आयुष्यभर गोबींचे अभ्यासक राहिले. १९६३ साली, युवराज असताना, त्यांनी गोबींच्या खांद्याच्या एका हाडावर पहिला निबंध प्रसिद्ध केला. पुढे डोक्यावरच्या नलिका, पोटाखालचे पर, आणि नंतर डीएनए. १९८९ ते २०१९ ही तीस वर्षे त्यांनी सिंहासन सांभाळले. ते सोडल्यावर २०२१ साली त्यांनी सहकाऱ्यासह गोबींच्या दोन नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. 'प्रायोलेपिस अकिहितोई' या माशाला त्यांचे नाव मिळाले आहे. राजाच्या नावाने नगरे वसतात हे आपण इतिहासात वाचतो. बोटभरही नसलेल्या माशाला राजाचे नाव मिळावे हे मला त्याहून मोलाचे वाटते.

आता या माशांच्या आयुष्याविषयी थोडे, कारण माझ्या वाक्यात 'आजोबा' का आले ते त्यावरून कळेल. माशाच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो, त्याला कर्णाश्म म्हणतात. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडे पडते, तशी कर्णाश्मात दिवसाला एक बारीक रेषा पडते. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 'एव्हिओटा सिजिलाटा' या जातीच्या माशांचे कर्णाश्म घासून त्या रेषा मोजल्या आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वांत म्हाताऱ्या माशाचे वय एकोणसाठ दिवस भरले. पाठीचा कणा असलेल्या कोणत्याही प्राण्याचे याहून कमी आयुष्य तेव्हा नोंदले गेलेले नव्हते. त्या एकोणसाठ दिवसांतले पहिले तीन आठवडे अळीच्या अवस्थेत उघड्या समुद्रात जातात. मग खडकावर उतरायचे, आठ-पंधरा दिवसांत वयात यायचे आणि उरलेल्या साडेतीन आठवड्यांत प्रपंच उरकायचा. मादी अंडी घालते, नर त्यांची राखण करतो. म्हणजे आपल्या चातुर्मासात या माशांच्या दोन पिढ्या सहज होऊन जातात. आषाढी एकादशीला जन्मलेला एव्हिओटा कार्तिकीला आजोबाच काय, पूर्वज झालेला असतो.

एवढ्याशा आणि एवढ्या अल्पायुषी जिवाची नोंद करून काय मिळवायचे, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे उत्तर आहे. खडकावर खाल्ल्या जाणाऱ्या एकूण माशांच्या वजनापैकी जवळजवळ साठ टक्के वाटा या कपारीत दडणाऱ्या चिमुकल्या माशांचा असतो, असे त्या अभ्यासकांना आढळले. कोणत्याही क्षणी मोजावे तर ते थोडेच दिसतात, कारण खाल्ले जातात. आणि तरी संपत नाहीत, कारण त्यांची पोरे खडकाच्या जवळपासच राहून भराभर जागा भरून काढतात. हॉटेलातल्या पोळीच्या डब्यासारखे हे आहे. डब्यात पाहाल तेव्हा चारच पोळ्या. पण दिवसभरात त्यातून दोनशे माणसे जेवून गेलेली असतात. पिल्ले समजून ज्यांना याद्यांतून वगळले, ते खडकाचे रोजचे अन्न होते.

आणि ते खडक आज सुरक्षित नाहीत. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८ साली पाणी तापून पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. पुन्हा २०१० साली, पुन्हा २०१६ साली, पुन्हा २०२४ साली. पोवळे पांढरे पडते म्हणजे त्याच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरविणारी सूक्ष्म शैवले निघून जातात. उष्णता ओसरली नाही तर ते मरते, आणि त्याच्या फांद्यांत घर केलेले गोबी बेघर होतात. एस. जोन्स आणि एम. कुमारन यांनी १९८० साली लक्षद्वीपच्या माशांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सहाशेतीन जाती आहेत. ती यादी १९९८ च्या आधीची आहे, म्हणून तिची किंमत आता अधिक. लक्षद्वीपची डोंगरओळ समुद्राखालून मालदीववरून दक्षिणेला चागोस बेटांपर्यंत गेलेली आहे, आणि त्या चागोसमधूनच १९८१ साली विंटरबॉटम आणि एमरी यांनी 'ट्रिमाटॉम नॅनस' हा गोबी प्रसिद्ध केला. पूर्ण वाढ झाली तरी सेंटिमीटरभर. अनेक वर्षे तो जगातील सर्वांत लहान कणायुक्त प्राणी मानला जात होता. पुढे इतरांनी त्याच्याशी स्पर्धा मांडली. हाही मासा 'पिल्लू' म्हणून बाजूला ठेवता आला असता. तो ठेवला गेला नाही, कारण दोन माणसांनी त्याच्या पोटात पाहिले.

आपल्या कोकणच्या समोरही असा एक खडक आहे, याचा उल्लेख मी मुद्दाम करते. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला समुद्राच्या पोटात एक पठार आहे. त्याचे नाव आंग्रिया बँक; कान्होजी आंग्र्यांच्या आठवणीचे. त्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून वीसेक मीटर खाली, आणि त्यावर पोवळी. वर उभे राहिले तर चहूकडे नुसता समुद्र. २०१९ च्या डिसेंबरात संशोधकांचे एक पथक तेथे बुडी मारून आले. मराठी माणसाला आंग्र्यांचे आरमार ठाऊक असते; त्यांच्या नावाच्या पठारावर पोवळ्यांच्या फांद्यांतून नखाएवढे मासे वस्ती करून आहेत, हेही त्याने ऐकलेले असावे.

तेलीबागेतील ती दुपार संपली तेव्हा यजमानांनी मासा निळ्या रंगातून काढून पुन्हा मद्यार्कात सोडला. पाहता पाहता तो परत तांदळाचा दाणा झाला. कुपीवरच्या चिठ्ठीवर वंशाचे नाव होते आणि त्यापुढे 'एस्पी.' अशी अक्षरे. अर्थ असा, की वंश कळला, जाती ठरली नाही. मी विचारले, आता तरी काही नाव लिहिणार का? ते म्हणाले, "सर्वांत जवळचे एक नाव मला ठाऊक आहे. ते मी लिहिले की उद्या कोणीतरी ते यादीत घेईल, यादीवरून दुसरी यादी होईल, आणि ती जाती लक्षद्वीपला राहते असे सगळे मानू लागतील. हे असेच राहू द्या. कोणी रंगीत छायाचित्रासह दुसरा आणला तर याच्याही छिद्रांशी ताडून पाहता येईल." त्यांनी कुपी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले.

घरी येऊन मी मुद्रिते पुढे ओढली. चौथ्या प्रकरणातले 'पिल्ले' खोडून 'पूर्ण वाढ झालेले मासे' असे लिहिले. मग शंका येऊन सर्व पुस्तक पुन्हा चाळले, तेव्हा आणखी तीन ठिकाणी मी तोच परोपकार केलेला आढळला. दोन ठिकाणी दुरुस्ती केली. तिसऱ्या ठिकाणी मूळ लेखकाने खरोखरच पिल्ले म्हटले होते, आणि ती एका मोठ्या हेकरू माशाची होती. ती मात्र मी तशीच ठेवली.